मधमाशांची पाठवणी

भिंत गुणगुणते आहे, असं जननी मला तीन दिवस सांगत होती आणि मी तिला अभ्यास कर म्हणून सांगत होते. अकरा वर्षांच्या मुलीला गणित टाळायचं असलं की काय वाटेल ते ऐकू येतं, अशी माझी समजूत. चौथ्या दिवशी तिच्या पलंगावरची चादर बदलताना मी सहज भिंतीतल्या प्लायवुडवर हात टेकला. प्लायवुड कोमट होतं. आतून बारीक, सलग आवाज येत होता आणि तो तळहाताला जाणवत होता. मी हात मागे घेतला, चादर तिथेच टाकली आणि जननीला दंडाला धरून खोलीबाहेर ओढलं. तिला वाटलं मी चिडले.

अण्णा नगरातलं हे घर माझा नवरा विजयेंद्र, म्हणजे जननीचा अप्पा, याच्या आजोबांनी बांधलेलं. जननीच्या खोलीत पूर्वी खिडकीचा एसी होता. तो काढल्यावर भिंतीत जे भगदाड राहिलं त्याला विजयेंद्रने आतून एक आणि बाहेरून एक प्लायवुडची फळी ठोकून काम भागवलं होतं. नंतर नीट करू, असं म्हणून त्याला सहा वर्षं झाली होती. बाहेरच्या फळीचा कोपरा पावसाने फुगून सुटला, आणि मधली हातभर पोकळी मधमाशांना पसंत पडली. म्हणजे एका फळीपलीकडे पोळं आणि अलीकडे माझ्या मुलीची उशी.

दुसऱ्या कोणाच्या घरी ही गंमत झाली असती. आमच्याकडे नव्हती. गेल्या पोंगलच्या सुट्टीत आम्ही कोवलमला समुद्रावर गेलो होतो. तिथे शहाळ्याच्या नळीवर बसलेली मधमाशी जननीला ओठावर चावली. पाच मिनिटांत ओठ सुजला, दहा मिनिटांत डोळे मिटले, आणि मग तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. एका मासळीवालीने आपल्या माणसाची गाडी थांबवून आम्हांला दवाखान्यात पोचवलं म्हणून ती वाचली. डॉक्टरांनी नंतर मला बाजूला बसवून सांगितलं की पुढच्या वेळी एवढाही वेळ मिळेल असं धरून चालू नका. अ‍ॅड्रिनॅलिनच्या दोन कुप्या आणि सिरिंज घरी ठेवायची. माशी चावली की दवाखान्याची वाट न बघता मांडीत इंजेक्शन द्यायचं.

मी बँकेत अधिकारी आहे आणि माझं काम चोख असतं, हे माझे वरिष्ठही नाइलाजाने कबूल करतात. कुपीची मान कशी मोडायची, औषध किती ओढायचं, हे मी डॉक्टरांकडून शिकले आणि घरी येऊन मोसंब्यांवर सराव केला. सिरिंजवर लाल शाईने रेघ मारून ठेवली. कुप्यांचा काळा पाऊच माझ्या कपाटात, किल्ली माझ्याजवळ. विजयेंद्र म्हणाला, मलाही शिकव. मी म्हटलं, दोघांवर जबाबदारी असली की ती कोणावरच नसते. सासूबाईंना शिकवण्याचा तर प्रश्नच आला नाही.

माझ्या सासूबाई भवानी, वय चौऱ्याहत्तर, तंजावरला पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या. मी साताऱ्याची. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, चला, मराठीच घर मिळालं. मी इथे आले तेव्हा त्यांचं मराठी मला निम्मं कळत नव्हतं आणि माझं त्यांना भांडल्यासारखं वाटत होतं. तेरा वर्षांत भाषेची सवय झाली, माणसाची झाली नाही. त्यांच्या घरातून कोणी रिकाम्या हाताने जायचं नाही हा एक त्यांचा नेम. तबकात पान, सुपारी आणि दोन केळी. सासरे गेल्यापासून तबकात हळदकुंकू नसतं, पण केळी चुकत नाहीत. बदली झालेल्या पोस्टमनला त्यांनी ते तबक दिलं होतं, आणि आमचा जुना फ्रिज भंगारवाला घेऊन गेला तेव्हा त्यालाही. फ्रिजलासुद्धा दिलं असतं, असं मी तेव्हा विजयेंद्रला म्हटलं होतं.

पोळं सापडल्याच्या संध्याकाळीच मी औषध मारणाऱ्यांना फोन केला. मला त्या माशा मरून हव्या होत्या. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, लक्ष्मी आहे ती, आपण होऊन आली त्यांस मारूं नये. मी म्हटलं, तुमची लक्ष्मी तुमच्या नातीच्या उशाशी बसली आहे. त्या नुसती मान हलवत राहिल्या. औषध मारणारा माणूस फोनवरच म्हणाला की विष आत गेलं तर माशा जिकडे वाट मिळेल तिकडे बाहेर येतील, घरातही. तेवढ्याने माझा विचार बदलला. लक्ष्मीशी त्याचा काही संबंध नव्हता.

मग कोणीतरी कदिरवनचं नाव सुचवलं. हा साठीचा, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, आणि आता घराघरांतली पोळी काढून चेंगलपट्टूकडच्या आंबेबागांत नेऊन ठेवतो. त्याने फळीला कान लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं की ही पोकळीत राहणारी सातेरी माशी आहे, गरीब असते, उगाच चावत नाही. मी त्याला जननीचं सांगितलं. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, मुलीला त्या दिवशी दुसरीकडे ठेवता येईल का?

विजयेंद्र लगेच म्हणाला की नुंगंबाक्कमला त्याची बहीण श्रीविद्या आहे, तिच्याकडे पाठवू. सरळ उपाय होता. मी नाही म्हटलं. श्रीविद्याला इंजेक्शन देता येत नाही, तिच्या गच्चीवर फुलझाडं आहेत, आणि जननी माझ्या डोळ्यांआड असताना काही झालं तर मी काय करणार होते? पुढच्या हॉलमध्ये दारं-खिडक्या लावून तिला बसवू, दाराखाली ओले टॉवेल लावू, मी तिच्याजवळ बसेन. भीती माणसाला शहाणं करते असं मला तेव्हा वाटत होतं. आठ दिवस झोप नव्हती. रात्री उठून मी त्या फळीच्या कडा चिकटपट्टीने पुन्हा पुन्हा बंद करत होते.

शुक्रवारी काम ठरलं. आदल्या दिवशी कदिरवनने मला व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना पाठवल्या. अत्तर नको, डोक्यात फुलं नकोत, गडद कपडे नकोत, भिंतीवर ठोकाठोक नको, अंधार पडला की दिवे लावायचे नाहीत कारण माशा उजेडाकडे येतात. शेवटी लिहिलं होतं की घरात पिकलेली केळी ठेवू नका. माशी चावते तिथे पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, आणि तो वास आला की बाकीच्या धावून जातात.

मी तो मजकूर विजयेंद्रला पाठवला, जननीला वाचून दाखवला. सासूबाईंना दाखवला नाही. त्यांना काही सांगायला गेलं की त्यातून वाद निघतो आणि माझ्यात त्या दिवशी वाद घालायचं त्राण नव्हतं. त्यांना मी एवढंच सांगितलं की चार वाजल्यापासून आपल्या खोलीतून बाहेर यायचं नाही. का, ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. दुपारी स्वयंपाकघरात रस्ताळी केळ्यांची फणी लटकत होती, अगदी पिकलेली, साली काळ्या पडायला लागलेल्या. मी ती पाहिली. शेजारी देऊन यावी असं मनात आलं, पण मग दोन घरं गप्पा मारत उभं राहावं लागलं असतं. मी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि तेवढ्यावर भागलं असं समजले.

हे सगळं मी मुद्दाम आधी सांगते आहे. नंतर दवाखान्यात सगळ्यांसमोर जे बोललं गेलं त्यात हे कुठेच नव्हतं.

कदिरवन साडेचारला आला. घराच्या मागच्या बोळात त्याने स्टूल ठेवलं, धुराचं भांडं पेटवलं आणि बाहेरची फळी उघडली. विजयेंद्रला रेल्वेच्या कचेरीतून सुट्टी मिळाली नव्हती, तो सातपर्यंत येणार होता. मी आणि जननी हॉलमध्ये. ती सोफ्यावर पाय घेऊन बसली होती, मी तिच्यासमोर खुर्चीवर, मांडीवर काळा पाऊच. ती दर पाच मिनिटांनी विचारत होती, झालं का, आणि मी दर वेळी तिच्या मानेकडे, हातांकडे, ओठांकडे बघत होते. पंखा बंद होता. दोघी घामाने निथळत होतो. भिंतीपलीकडून प्लायवुड करकरल्याचा आवाज आला आणि त्यानंतर मोठा घुमारा उठला. जननीने माझा हात धरला. तिचा हात गार होता.

सहाच्या सुमारास कदिरवनने खिडकीच्या काचेवर टकटक करून सांगितलं की काम झालं. सात पोळी कापून लाकडी चौकटींत बांधली, राणी सापडली, तिला पेटीत सोडलं. आता बाहेर गेलेल्या माशा अंधार पडेपर्यंत आपणहून पेटीत येतील, मग तोंड बंद करून निघायचं. आणखी अर्धा तास. तोपर्यंत कोणी मागे यायचं नाही. तो हातपाय धुवायला आणि गाडी वळवून घ्यायला पुढे गेला.

अर्धा तास. मी आठ दिवसांत पहिल्यांदा खुर्चीच्या पाठीला पाठ टेकवली. जननी म्हणाली, अंधार झालाय, दिवा लाव ना, मला भीती वाटते. मी सूचना विसरले नव्हते. पण माशा पेटीत होत्या, पेटी बोळात होती, मध्ये दोन दारं होती, आणि माझी मुलगी अंधारात रडकुंडीला आली होती. मी ट्यूबलाइट लावली.

मागच्या बोळात काय झालं ते नंतर कळलं. सासूबाई सांगितल्याप्रमाणे खोलीत बसून होत्या. ठोकाठोकीचा आवाज थांबला तसं त्यांना वाटलं, झालं, निघाल्या. घरातून जाणाऱ्यांना त्यांनी आजवर तसंच पाठवलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, तबक घेतलं, पान-सुपारी ठेवली, आणि फणीतली सर्वांत पिकलेली दोन केळी काढली. माशांना सोलता येणार नाही म्हणून त्यांनी ती सोलली. त्याच्या चकत्या केल्या. मागचं दार उघडून त्या बोळात गेल्या, पेटीसमोर वाकल्या आणि पेटीच्या तोंडाशी, जिथून माशा आत शिरत होत्या, तिथेच ते तबक ठेवलं. हात जोडून उभ्या राहिल्या.

मला ऐकू आला तो फक्त त्यांचा आवाज. ओरडणं नव्हतं. कोणीतरी कोणालातरी समजावत असल्यासारखं त्या नक्को, नक्को म्हणत होत्या, आणि तो आवाज जवळ येत होता. मागचं दार आपटलं. स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. मग त्या एकदाच किंचाळल्या.

जननी उठली. मी बस म्हणेपर्यंत तिने टॉवेल पायाने सारून दार उघडलं होतं. आजी पडली, एवढंच तिच्या डोक्यात होतं. दारात सासूबाई उभ्या, पदर डोक्यावरून ओढलेला, आणि पदरावर, केसांत, चष्म्याच्या काडीवर माशा. त्यांनी जननीला पाहिलं आणि त्या जिथे होत्या तिथून मागे वळल्या. परत अंधाऱ्या स्वयंपाकघराकडे, माशांना आपल्यासोबत घेऊन. पण हॉलमध्ये दिवा होता. त्यांच्या अंगावरच्या पाचसहा माशा सुटून दिव्याकडे आल्या. मी जननीला मागे खेचलं, दार लोटलं, दिवा विझवला. अंधारात ती म्हणाली, आई, मानेवर.

मी तिला खिडकीपाशी नेलं. बाहेर अजून थोडा उजेड होता. मानेवर, कानाखाली, काळा ठिपका होता. मी नखाने काटा खरवडून काढला. तिने खोकायला सुरुवात केली.

इथून पुढे मी काय करायचं ते मला पाठ होतं. पाऊच उघडला, कुपी काढली, बोटांत धरली, मान मोडली. कुपी माझ्या हातात फुटली. औषध आणि काच तळहातावर, आणि थोडं रक्त. दुसरी कुपी काढली आणि मला ती धरताच येईना. बोटं ऐकत नव्हती. जननीचा श्वास वाजायला लागला होता, कोवलमला वाजला होता तसाच, आणि मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून कुपीकडे बघत होते. मला सगळं दिसत होतं. लाल रेघ दिसत होती. माझा हात उचलला जात नव्हता. तिचे ओठ सुजत होते, तिने मला हाक मारल्यासारखं तोंड हलवलं, आणि मी हललेच नाही.

सासूबाई आत कधी आल्या मला कळलं नाही. अंगावरच्या माशा त्यांनी न्हाणीघरात बादलीभर पाण्याने धुऊन टाकल्या होत्या, लुगड्यातून पाणी गळत होतं. एक डोळा पूर्ण सुजून मिटला होता. त्यांनी माझ्या हातातून कुपी घेतली, पदरात धरली आणि मोडली. त्या बावीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या पोटात इन्सुलिन टोचून घेतात. तेरा वर्षं मी एका घरात राहून ते पाहत होते, आणि माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं की या घरात सुईची सवय असलेलं माणूस एकच आहे.

"किती?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून शब्द निघाला. "लाल रेघेपर्यंत. मांडीत. सरळ, खोल."

त्यांनी सिरिंज खिडकीच्या उजेडात धरली, उरलेल्या एका डोळ्याने रेघ पाहिली, बुडबुडा काढला. जननीची मांडी डाव्या हाताने घट्ट धरून कपड्यावरूनच सुई आत घातली आणि सावकाश दहा आकडे मोजले. तमिळमध्ये मोजले. मग सुई काढून तिथे अंगठा दाबून धरला आणि मला म्हणाल्या, "ऊठ. गाडी सांगट."

कदिरवनने पेटी बोळातच सोडली आणि आम्हांला आपल्या गाडीत घातलं. दवाखाना सात मिनिटांवर होता. गाडीत मधाचा आणि धुराचा वास होता, आणि समोरच्या काचेवर आतल्या बाजूने एक माशी चालत होती. मी जननीला ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं आणि ते सातही मिनिटं त्या माशीवरून नजर काढली नाही. ती काचेवरून वर जायची, घसरायची, पुन्हा वर जायची. कदिरवनने एका सिग्नलला तिला मुठीत धरून खिडकीबाहेर सोडलं. तोपर्यंत जननीच्या श्वासातली शिट्टी कमी झाली होती, पण मला ते ऐकूच येत नव्हतं. मला वाटत होतं ती थांबली.

ती थांबली नव्हती. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, आणि तासाभराने बाहेर येऊन विचारलं की घरी इंजेक्शन कोणी दिलं. वेळेवर दिलं म्हणून मुलगी हाती लागली, म्हणाले. विजयेंद्र नुकताच धापा टाकत पोचला होता. सासूबाई बाकावर बसल्या होत्या, नर्स त्यांच्या कपाळातले काटे काढत होती. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, जननीच्या आईने दिलं.

आणि मग माशा आत आल्या कशा, हे विजयेंद्रने विचारलं. सासूबाईंनी सगळं सांगितलं, तबकापासून केळ्यांच्या चकत्यांपर्यंत. विजयेंद्रने आपल्या आईला आजवर कधी उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही. त्या दिवशी त्याने त्यांना सगळ्यांसमोर विचारलं की तुला अक्कल आहे का, तिला मारायचं होतं का. त्यांनी मान खाली घातली. कदिरवन कोपऱ्यात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने सूचना कोणाला पाठवल्या होत्या ते त्याला माहीत होतं. मी त्याच्या नजरेला नजर दिली नाही आणि काही बोललेही नाही. विजयेंद्रने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तू होतीस म्हणून, असं म्हणाला. मी तो हात तसाच राहू दिला.

सासूबाईंना आठ काटे होते. त्यांनाही रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी मी कॉफी घेऊन त्यांच्याकडे गेले. तोंड इतकं सुजलं होतं की त्या ओळखू येत नव्हत्या. मी खाली बघत सांगितलं की केळ्यांचं मला आधीच माहीत होतं, मला लिहून आलं होतं, मी तुम्हांला सांगितलं नाही. आज मी विजयेंद्रला सांगणार आहे.

त्यांनी कॉफीचा एक घोट घेतला.

"मज कळालं तें काल राती," त्या म्हणाल्या. "तुझ्या तोंडावरूनच कळालं. सांगट नक्को."

मी म्हटलं, का?

"आजीचें भय वाटलं तर लेकराचं चालतें. आजी किती दिवसांची. आईचें भय वाटलं तर तें कोठे जाईल?"

एवढं बोलून त्यांनी पेला परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. त्या ज्या पद्धतीने पडल्या होत्या त्यात मला जवळ येऊ द्यायची जागा नव्हती.

दवाखान्यातल्या जननीच्या खोलीत पडदा अर्धा उघडा होता. ती उशीला टेकून बसली होती. ओठ अजून जाड होते, पण रंग परत आला होता. मला पाहून तिने हात पुढे केला. मी तो धरला आणि स्टुलावर बसले.

"आजीने केळी ठेवली ना?" ती म्हणाली. "अप्पा सांगत होते. मी आजीकडे नाही जाणार आता. मला भीती वाटते तिची."

मी फक्त हं म्हणायचं होतं. सासूबाईंनी मला त्याची परवानगी दिली होती. किंबहुना तेच मागितलं होतं.

"आणि इंजेक्शन तू दिलंस," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. केळी ठेवू नका असं मला लिहून आलं होतं आणि मी ते आजीला सांगितलं नाही, तिच्याशी बोलायचा मला कंटाळा होता म्हणून. दिवा लावायचा नव्हता आणि तो मी लावला. तुला नुंगंबाक्कमला पाठवायचं होतं, मी पाठवू दिलं नाही. आणि इंजेक्शन मी नाही दिलं, आजीने दिलं, एका डोळ्याने बघून. बोलताना माझा आवाज बँकेत असतो तसा स्वच्छ निघत होता. तो तसा निघतोय याचीही मला भीती वाटली.

जननीने हात काढून घेतला नाही, पण तो माझ्या हातात नुसता पडून होता.

"मग तू काय करत होतीस?" तिने विचारलं.

"मी घाबरले होते," मी म्हणाले. "तुझ्यासमोरच बसले होते. मला हलता येत नव्हतं."

तिला ते आठवत असावं, कारण ती एकदा माझ्या हातांकडे बघून पुन्हा तोंडाकडे बघायला लागली. मग तिने पाय आखडून घेतले आणि पलंगावर पायथ्याशी जागा केली. मी स्टूल सारून तिथे बसायला उठले.

"तू नको," ती म्हणाली. "आजीला बोलाव."

मी स्टूल भिंतीला लावलं आणि सासूबाईंना बोलवायला गेले.